जत्रेच्या दुसऱ्या दिवसाचा वास

केस जळल्याचा वास कुणाला आवडतो असं मी ऐकलेलं नाही. समईची वात सारायला वाकावं आणि कपाळावरची बट ज्योतीला लागावी, होळीत नारळ टाकायला जरा जास्तच पुढे जावं आणि मनगटावरची लव चुरचुरावी, की क्षणभर तो येतो. मग घरातलं कुणीतरी आतून विचारतं, काय गं, काय जळलं? जळलेलं असतं एवढंसं, पण वास रेंगाळतो. पदराला, बोटांना, नाकाच्या आतल्या बाजूला धरून राहतो. माझ्यासाठी तो दिसण्याचा वास आहे. असं म्हटलं की लोक माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघतात, म्हणून फारसं बोलत नाही. तुम्ही निवांत बसला आहात, म्हणून सांगते.

आमच्या गावची जत्रा चैत्रात. जत्रेचा दिवस पाहुण्यांचा असायचा, त्या दिवशी घर आपलं नसायचंच. माझ्या लेखी खरी जत्रा दुसऱ्या दिवशी सकाळी. पाहुणे पांगलेले, मांडवाच्या दोऱ्या सैलावलेल्या, उकिरड्यावर पत्रावळ्यांचा ढीग आणि त्यावर कावळ्यांची कचेरी, आणि मागच्या परसात तीन दगडांच्या चुलीपुढे आजी बोकडाचे पाय भाजत बसलेली. मटण आदल्या दिवशी पंगतीला लागून गेलेलं. पाये आणि मुंडी हे उरलेलं, घरच्यांचं, सावकाशीनं खायचं. बाभळीच्या धुरात मिसळून तो वास घरभर फिरायचा, माजघरात अंथरुणात पडलेल्या आम्हा पोरांपर्यंत यायचा, आणि डोळे उघडायच्या आधीच कळायचं की आज शाळा नाही.

डोळे उघडल्यावर तरी मला काय दिसत होतं म्हणा. चुलीपुढचा हिरवा डाग म्हणजे आजी. काकणांचा आवाज म्हणजे तिचा हात. शाळेतला फळा ही ऐकायची गोष्ट आहे, असा माझा समज होता; गुरुजी बोलतात ते लिहून घ्यायचं, काळ्या चौकोनावर पांढरं काय हलतं त्याच्याशी आपला काय संबंध? पाचवीत नव्या बाईंनी मला फळ्यावरचं वाचायला उभं केलं आणि बिंग फुटलं. अण्णांनी साताऱ्याला नेलं, आणि जत्रेच्या तोंडावर माझ्या नाकावर तपकिरी काड्यांचा चष्मा आला. आजीनं हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, "आगं बया! एवढीशी पोर न् डोळ्यावर भिंगं! आता हिला कोण करून घेनार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याशेजारी जाऊन उकिडवी बसले. तिनं पाय जाळावर धरला, आणि मला केस दिसले. एकेक केस. आच लागली की तो आधी शहारल्यासारखा हलायचा, मग टोकाकडून आतल्या बाजूला वळत वळत यायचा, टोकाशी मोहरीहून बारीक काळा मणी धरायचा, आणि त्या मण्यापाशीच विझून जायचा. दुसरा. तिसरा. मग आजी विळीच्या पात्यानं खरवडायची आणि काळ्याखालून पिवळसर, गुळगुळीत कातडी वर यायची. वास ओळखीचाच होता, जन्मापासूनचा. त्याला रूप असतं हे मला त्या सकाळी कळलं. मान वर करून मी आजीकडे पाहिलं, आणि तेव्हा आणखी एक कळलं. तिला भुवया जवळजवळ नव्हत्याच. उभा जन्म चुलीत फुंकर घालून घालून, उडत्या ठिणग्यांना तोंड देऊन देऊन, तिच्या भुवया आणि पापण्या केव्हाच झडून गेल्या होत्या. रोज जिच्या कुशीत झोपत होते तिचा चेहरा मी पाहिला तो असा, धुरातून, दोन काचांमधून, आणि तो वास नाकात भरलेला असताना.

पुढे तिलाही भिंगं आली. मोतीबिंदूच्या शिबिरात डोळा करून आणला आणि जाड काचांचा चष्मा दोरीनं डोक्यामागे बांधला. माझ्या काचांमागे माझे डोळे बारीक दिसायचे, तिच्या काचांमागे तिचे म्हशीएवढे. आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो. हाय रे दैवा, असं म्हणत ती कपाळाला हात लावायची, पण हसायची.

चष्म्याची वर्षं सगळ्यांची सारखीच असतात, त्यात वेगळं काय सांगू. ढापणी म्हणून घेतलं, पावसात पुसून पुसून ओढणीचं टोक कळकट केलं, दर उन्हाळ्यात नंबर वाढला आणि उणे पाचावर येऊन थांबला. बघायला पाहुणे येणार म्हटलं की आई चष्मा फडताळात ठेवून द्यायची. एका घरच्या लोकांना मी कांद्यापोह्यांच्या बशा अगदी मोजक्या पावलांनी नेऊन दिल्या आणि समोर बसलेल्या मुलाला पाहिलंच नाही. तिथून नकार आला, पण वाईट वाटायला चेहरा तरी आठवायला हवा! मग पुण्यात नोकरी लागल्यावर कॉन्टॅक्ट लेन्स आल्या. त्यांची ती डबी, ते पाणी, बोटाच्या टोकावर थरथरणारी ती इवलीशी वाटी, बेसिनमध्ये पडली की सगळ्या मैत्रिणींनी श्वास रोखून शोधायची. एसटीत डुलकी घ्यायची चोरी. लेन्स घातलेली बाई बिनचष्म्याची दिसते खरी, पण तिच्या मनात दिवसभर एक घड्याळ चालू असतं. मला त्या घड्याळाचा कंटाळा आला. लेझर करून घेण्यामागे याहून थोर कारण नव्हतं.

लेन्स काही दिवस आधी बंद करायला लावल्या, कारण त्या बुबुळाचा आकार दाबून ठेवतात. मग एका यंत्रानं डोळ्याचा नकाशा काढला, निळे-हिरवे-पिवळे पट्टे, मधे तांबूस टेकडी. डॉक्टरांनी जाडी बघितली. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, मधोमध अर्ध्या मिलिमीटरहून थोडासाच जाड असतो. डोळ्यात शिरणारा उजेड मागच्या पडद्यावर गोळा करण्याचं दोन तृतीयांश काम तेवढ्यातच होतं, आणि जवळची नजर असलेल्यांच्या बाबतीत ते काम जरा लवकर उरकतं, चित्र त्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच उमटतं. म्हणून मधला भाग किंचित सपाट करायचा. एवढंच, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं एवढंच आणि आपलं एवढंच यांत अंतर असतं.

बधिर करणारे थेंब. पापण्या उघड्या धरणारी तार. मग डोळ्यावर काहीतरी टेकलं, दाब वाढला, आणि सगळं अंधारलं. दुखलं नाही, पण जागेपणी, उघड्या डोळ्यांनी, दिसणं असं कुणी हळूच काढून घेतलेलं मी कधी अनुभवलं नव्हतं. उजेड परत आला तेव्हा त्यांनी वरचा पातळ पापुद्रा, वहीचं पान उलटावं तसा, बाजूला केला. वर लुकलुकणारा दिवा विरघळला, पसरला, पाण्यात पडलेल्या रंगासारखा झाला. त्याच्याकडेच बघत राहा, हलू नका. यंत्र टकटकटकटक करू लागलं.

आणि तो वास आला.

मी विचारलं, काही जळतंय का? "जळत नाहीये," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बोलू नका." पण मी त्या पांढऱ्या, गार खोलीत नव्हतेच. परसात होते. बाभळीचा धूर, पत्रावळ्या, कावळे, आणि एकेक केस वळत वळत विझणारा. भीती वाटायला हवी होती, कारण या खेपेला जे चुलीवर होतं ते माझं होतं. वाटली नाही. भुवया नसलेला एक चेहरा माझ्याकडे वाकून बघत होता आणि मला आपली भूक लागल्यासारखं झालं.

जळत नाहीये, हे अक्षरशः खरं होतं. ते मी नंतर वाचून समजून घेतलं. एक्सायमर लेझरचा किरण डोळ्यांना न दिसणारा, अतिनील, १९३ नॅनोमीटरचा. तो तापवत नाही. रेणूंना बांधून ठेवणारे धागेच तोडतो, आणि सुटलेले कण वाफ होऊन उडून जातात. शेजारच्या पेशींना आच लागत नाही. एका ठोक्याला साधारण पाव मायक्रॉन जातो. तो उडालेला अंश हवेत मिसळतो, आणि आपल्या नाकाला एवढंच कळतं की अंगातलं काहीतरी गेलं. माझ्यासारख्या उणे पाचवालीचे ६० ते ७० मायक्रॉन जातात. माणसाचा केस जवळपास तेवढाच जाड असतो. एका केसाच्या जाडीपायी मी इतकी वर्षं ढापणी होते तर!

आणखी एक वाचलं, ते वाचून मात्र मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात फेऱ्या घातल्या. या थंड किरणाचा हा गुण ज्यांच्या लक्षात आला त्यांतले एक रंगस्वामी श्रीनिवासन. १९२९ साली मद्रासमध्ये जन्मलेले, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करणारे. सॅम्युएल ब्लम आणि जेम्स विन हे त्यांचे सोबती. कॉम्प्युटरच्या कंपनीत डोळ्यांचं काय काम? काहीच नाही. नोव्हेंबर १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंगचा सण झाला. त्या सणाला तिकडे टर्की नावाचा मोठा पक्षी भाजतात, घरचे-दारचे सगळे जेवतात, आणि तरी उरतंच. श्रीनिवासनांनी ते उरलेलं दुसऱ्या दिवशी, २७ नोव्हेंबरला, प्रयोगशाळेत नेलं आणि त्यावर लेझर मारून पाहिला. काप स्वच्छ. कडेला करपल्याची खूण नाही. पुढे त्यांनी माणसाच्या केसावरही खाचा पाडून दाखवल्या, काटकोनी, नीट, जणू सुतारानं पटाशीनं पाडाव्यात. तो केसाचा फोटो जगभर गेला. स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांच्या हाती ही गोष्ट लागली, आणि १९८३ साली ट्रोकेल आणि श्रीनिवासन यांनी कॉर्नियावरचं काम प्रसिद्ध केलं.

सणाचा दुसरा दिवस. उरलेलं मांस. केस. मी फेऱ्या घालत राहिले. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या परसात जे चाललेलं असायचं, तेच सात समुद्रापार एका काचेच्या खोलीत चाललं होतं, आणि मद्रासच्या त्या माणसाच्या नाकापर्यंत तेव्हा कुठला वास आला असेल, त्यालाही त्याच्या घरचं काही आठवलं असेल का, याचा मी उगाचच विचार करत बसते. शास्त्रज्ञ असल्या गोष्टी निबंधात लिहीत नाहीत. त्यांनी लिहाव्यात, असं माझं मत आहे.

घरी आले ती प्लास्टिकच्या जाळ्या डोळ्यांवर चिकटवून, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी, घळाघळा पाणी गाळत. सकाळी जाळ्या काढल्या. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही म्हणून मानेखालून अंघोळ करत होते, सहज खाली पाहिलं, आणि पायांची नखं दिसली. वाफेत, साबणाच्या फेसात, स्वच्छ. आजवर अंघोळ ही मी चाचपून करायची गोष्ट होती. डाव्या करंगळीच्या नखाला एक चीर आहे, हे मला तेव्हा समजलं. मी तिथेच ओलेती किती वेळ उभी राहिले कोण जाणे.

फुकट काहीच मिळत नाही. बरेच महिने डोळे कोरडे पडायचे आणि पर्समध्ये थेंबांची बाटली असायची. रात्री सिंहगड रस्त्यावर समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती खळं पडायचं. ते हळूहळू गेलं. न गेलेली गोष्ट वेगळीच आहे. आता पुस्तक लांब धरावं लागतं. किरणानं पुढचा पडदा घासला, आतलं भिंग वयानं ताठर होतं त्याला तो काय करणार. ऑफिसातली माझी मैत्रीण अजून उणे चारात आहे. तिनं चष्मा कपाळावर सरकवला की सुईत दोरा पहिल्या झटक्यात जातो. मी मात्र नाकावर चाळीशी चढवते. मला तिचा हेवा वाटतो, आणि तिला सांगितलं तर तिचा विश्वास बसत नाही.

मागच्या दिवाळीत ताई लेकीला घेऊन आली होती, लेझर करायचं म्हणून. लग्नाचं वय, फोटो काढायचे, तीच जुनी कथा. मीच दवाखान्यात घेऊन गेले. भाचीनं वाटेत मला सगळं खोदून विचारलं: दुखतं का, शिंक आली तर काय, डोळा हलला तर? डोळा हलला की यंत्र त्याच्या मागोमाग जातं, फार हलला तर थांबतं, असं मी अनुभवी बाईच्या थाटात सांगितलं. नकाशा निघाला. डॉक्टरांनी बराच वेळ रंग न्याहाळले आणि सांगितलं की कॉर्निया पातळ आहे, आकारही जरा शंकास्पद वाटतो. घासायला जागा नाही, लेझर नकोच. मला ते डॉक्टर आवडले. जे नाही म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास बसतो.

ताईचा चेहरा उतरला. जिना उतरता उतरता ती दुसरीकडे दाखवू, तिसरीकडे दाखवू, असं बोलत राहिली. भाची गप्प होती, म्हणून मी तिच्याकडे पाहिलं, तर ती फोनमध्ये फ्रेमा बघत होती. तिथूनच चष्म्याच्या दुकानात गेलो. ताईनं दुकानदाराला बाजूला घेऊन काहीतरी समजावलं, आणि त्यानं आतून मखमलीच्या ट्रेमध्ये बिनकाठाची, पारदर्शक काड्यांची, चेहऱ्यावर आहे की नाही ते कळूच नये अशी फ्रेम आणून ठेवली. भाचीनं ती उचलून लावली, आरशात पाहिलं, आणि अलगद परत ठेवली.

"काका," ती म्हणाली, "दिसेल अशी दाखवा ना."