खाटेचे चार कोपरे



मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमच्या पक्षघाती माणसाची कथा आहे. गर्दीमुळे वाट मिळेना, तेव्हा चौघांनी छप्पर उसकटून त्याची खाट येशूपुढे उतरवली. येशूने पाहिला तो त्यांचा विश्वास, असे मार्क सांगतो. तो माणूस बरा होण्याआधीच त्याला खाट उचलणारे चौघे होते, हे आपण वाचताना सहज ओलांडून जातो.

आमच्या बऱ्हाणपूरच्या धर्मशिक्षण वर्गात दहा वर्षांचा एक मुलगा येतो. घरी मराठी, शाळेत हिंदी, शेजारी उर्दू. म्हणून त्याचे वाचन अडते, असे सगळे समजत. पण बोलताना तो कुठेच अडत नसे. अक्षर आणि उच्चार यांची सांगड मात्र त्याला कोणत्याच भाषेत बसत नव्हती. तपासणीत अध्ययन अक्षमता निघाली. हा बुद्धीचा कमीपणा नव्हे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिचाही समावेश आहे. त्यामुळे परीक्षेत सवलत मागता येते. मैत्री मात्र कायद्याने मागता येत नाही.

त्याची आई म्हणाली, "दीदी, मार्क कमी पडले तर पडू द्या. पण याला कुणी वाढदिवसाला बोलावत नाही."

अशा काही मुलांना भराभर सांगितलेले नियम लक्षात राहत नाहीत. समोरचा चेष्टा करतो आहे की रागावला आहे, हे पटकन उमगत नाही. आपली पाळी येईपर्यंत धीर धरवत नाही. बाकीचे समजतात, हा उद्धट आहे.

आम्ही साधेच उपाय केले. घोळक्याऐवजी एकच जोडीदार दिला. कॅरम निवडला, कारण पाळी कुणाची ते डोळ्यांना दिसते. एकेक नियम आधी करून दाखवला. "मीही खेळू का?" हे विचारण्याचा सराव आईने घरी घेतला. वर्गात अचानक मोठ्याने वाचायला कुणालाच उभे करायचे नाही, असे ठरवले. नाताळचा गोठा बांधायचे काम त्याच्याकडे दिले, कारण त्याच्या हातात कसब आहे.

भांडणे झाली, सोंगट्या फेकल्या गेल्या. जोडीदारालाही शिकवावे लागले. "त्याला मदत कर" म्हटले की मुले दया करतात. "त्याच्याबरोबर खेळ" म्हटले की हळूहळू मित्र होतात. काही महिन्यांनी तो जोडीदार, कुणी न सांगता, संध्याकाळी त्याच्या दारात उभा राहिला: "कॅरम?"

वाचन अजून अडखळतेच. पण आता त्याच्या खाटेचा एक कोपरा कुणीतरी धरला आहे.

आपल्या धर्मग्रामातही असे एखादे मूल मागच्या बाकावर एकटे बसलेले असेल. या रविवारी मिस्सानंतर आपल्या मुलाला त्याच्याजवळ पाठवा आणि त्याच्या आईशी दोन शब्द बोला.

हे प्रभू, आमच्या लेकरांना एकमेकांची खाट उचलण्याचे बळ दे, आणि वाट अडली तर छप्पर उघडण्याचे धाडसही दे. आमेन.