मुखेडच्या मिस्त्रीचं देणं

मिरकरवाड्याच्या बंदरात मला सगळे 'मुखेडकर' म्हणतात. ते माझं आडनाव नाही. रत्नागिरीत कामाला लागलो तेव्हा गाळ्याच्या मालकानं गाव विचारलं. मी मुखेड म्हणालो आणि 'ते कुठं आलं?' याचं उत्तर देता देता देगलूर, उदगीर, बिदर अशी नावं घेत बसलो. त्याला शेवटी सांगितलेलं नांदेड तेवढं कळलं. समुद्र कधी न पाहिलेल्या तालुक्यातला पोरगा बोटीच्या इंजिनाला हात लावणार, याची तिथं भरपूर चेष्टा झाली. ती थांबली तेव्हा लोकांना वाटलं, पोरगा हुशार आहे. खरं तर मुखेडच्या एका मिस्त्रीनं दिलेली शिदोरी मी सोडून खात होतो, एवढंच.

त्यांना सगळं गाव चाचा म्हणायचं, मीही तेवढंच लिहितो. बाजाराच्या वाटेवर त्यांची पत्र्याची टपरी होती. समोर एक लिंब, लिंबाखाली खोलून ठेवलेली विहिरीवरची इंजिनं. आज बोअर आणि सबमर्सिबल बघत वाढलेल्या पोरांना पटणार नाही, पण 1972च्या दुष्काळानंतर आमच्याकडं माणसं विहिरी खोल नेत होती, वीज मात्र शिवारात सावकाश येत होती. मधली वर्षं भिजवली ती डिझेल इंजिनांनी. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात 1946 साली सुरू झाली. तिचं पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं, पाण्यानं थंड होणारं इंजिन आमच्या भागात बैलगाडीतून मळ्यात जायचं. राजकोटकडची, जड फ्लायव्हीलची, संथ ठोके देणारी इंजिनंही होती. चाचांना दोन्ही सारखीच.

आमच्या मळ्यातलं इंजिन एका उन्हाळ्यात दम धरेना. हँडल मारलं की झकास सुरू व्हायचं, अर्धा-पाऊण तास पाणी द्यायचं आणि मग हळूहळू मरत जायचं. थोडा वेळ थांबून परत सुरू केलं की परत तेच. आबांना गावातल्या एकानं सांगितलं, पंप गेला, एलिमेंट बदलावं लागंल. आबांनी पैशाची जुळवाजुळव सुरू केली होती.

चाचा सायकलवर आले. इंजिन चालू करायला लावलं आणि बांधावर बसून बिडी ओढत राहिले. इंजिन मरायला आलं तसे उठले आणि टाकीचं झाकण अर्धा आटा फिरवलं. सुस्स असा आवाज झाला. इंजिन दोन ठोके चुकलं आणि पुन्हा पळायला लागलं. झाकणाला वरून बारीक भोक असतं. डिझेल खाली जाईल तशी तेवढी हवा त्या भोकातून आत यायला हवी. धूळ जाऊ नये म्हणून कुणीतरी झाकणाच्या आत प्लास्टिकचा कागद घातला होता. टाकीत पोकळी तयार होत होती आणि डिझेल उतरायचं थांबत होतं. थांबल्यावर आट्यांतून हवा झिरपायची, म्हणून पुन्हा सुरू व्हायचं. आबा पैसे द्यायला लागले तर चाचा म्हणाले, "पाना लगाया नै, पैसा कायकू?"

त्या उन्हाळ्यापासून मी टपरीवर जायला लागलो. पुढं नांदेडला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केला, तिथं आकृत्या काढल्या, नावं पाठ केली, प्रमाणपत्र मिळालं. ते कामाचंच होतं, पण संशय कुणावर आधी घ्यायचा हे पुस्तकात नसतं. चाचांचं सगळं शहाणपण त्या क्रमात होतं. "पैले बोझा उतार, बाद में इंजन कू हात लगा," हे त्यांचं पहिलं वाक्य. इंजिन ओढत नाही अशी तक्रार आली की ते आधी पट्टा काढून टाकायचे. पंपाविना इंजिन पूर्ण वेगानं पळालं तर नजर पंपाकडं: ग्लँड आवळून बसलीय का, आत गाळ भरलाय का, शाफ्ट हातानं फिरतो का. इंजिन बिचारं धडधाकट असायचं आणि शेतकरी त्याला शिव्या देत असायचा.

पण या पहिल्या वाक्याला एक शेपूट होतं आणि ते मला पुष्कळ उशिरा नीट उमगलं. ओझं काढल्यावर इंजिन पळालं म्हणजे दोष ओझ्यातच असं नाही. उपाशी इंजिनही रिकामं असताना पळतं, कारण रिकाम्याला लागतंच किती? फरक धूर सांगतो. ओझं जास्त असेल तर गव्हर्नर डिझेल ओतत राहतो, ते पुरतं जळत नाही आणि काळा धूर येतो. हवा कमी पडली तरी काळाच. डिझेलच पोचत नसेल तर इंजिन धूर न करता गळून जातं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनातून पांढरा येत राहिला तर न जळलेलं डिझेल किंवा पाणी. चाचा लांबून, इंजिन दिसायच्या आधी, वर उठणारा धूर बघून निम्मं निदान करायचे. जवळ आले की पंपापासून नोझलकडं जाणाऱ्या बारीक पोलादी नळीवर वैद्यानं नाडी धरावी तशी दोन बोटं ठेवायचे. प्रत्येक फवाऱ्याचा ठोका त्या नळीत लागतो. ठोका कडक असेल तर पंपाला हात लावायचा नाही. नोझलच्या तोंडासमोर मात्र बोट धरू द्यायचे नाहीत. दोनशे किलोच्या आसपासच्या दाबानं निघणारा डिझेलचा फवारा कातडीच्या आत घुसतो आणि बोट जातं.

ही सगळी विद्या घेऊन मी रत्नागिरीला आलो. बोटीचं इंजिन मोठं असतं, सहा सिलिंडरचं, कितीतरी बोटींत तर ट्रकच्याच जातीचं, समुद्रासाठी बदलून घेतलेलं. ते खाली इंजिनाच्या खोलीत बसवलेलं, पुढं गिअर, मग शाफ्ट, आणि पाण्यात पंखा. आता 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. बंदीचे असे नियम नव्हते त्या काळीही पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्याच असत, डागडुजी आणि रंगरंगोटी होत असे. हंगाम सुरू झाला की पहिल्याच फेऱ्यांत तक्रारींची रांग लागते.

असाच एक ट्रॉलर परत आला. नाखवा संतापलेला. बंदरातून निघताना बोट सुसाट, तास-दीड तासानं वेग पडायला लागतो, जाळं ओढायला घेतलं की इंजिन बसतं. थांबवून पुन्हा सुरू केलं की थोडा वेळ बरं. मालकानं पंप खोलायचं ठरवलंच होतं. पंप खोलणं म्हणजे तो काढून कॅलिब्रेशनला पाठवणं, तोपर्यंत बोट उभी आणि खलाशी बसून. मी तांडेलाला एवढंच विचारलं, धूर कसला येतो? तो म्हणाला, काहीच नाही. मी एक स्वच्छ डिझेलचा डबा उंचावर बांधला, टाकीकडून येणारी नळी सोडवून फीड पंपाला डब्यातली नळी जोडली, हवा काढली आणि बोट खाडीच्या तोंडापर्यंत नेऊन भरपूर वेळ पूर्ण वेगात फिरवायला सांगितलं. इंजिन एकदाही बसलं नाही. म्हणजे फीड पंपाच्या पुढचं सगळं निर्दोष, चोर टाकीच्या बाजूला. टाकीची हवेची नळी वर डेकवर येते, तिचं तोंड खाली वाकवलेलं असतं. पावसाळ्यात बोट रंगवताना त्या तोंडाच्या जाळीवर रंगाचे हात बसले होते आणि ती बंद झाली होती. नळी जागेवर जोडून बोट पुन्हा फिरवली, वेग पडायला लागला तसं टाकीचं झाकण सैल केलं. सुस्स. मला त्या क्षणी लिंब दिसला, टपरी दिसली.

मग तो क्रम मी पुढं चालू ठेवला, फक्त पट्ट्याच्या जागी पंखा आला. काळा धूर आणि इंजिन ठरलेल्या फेऱ्यांना पोचत नाही, अशी बोट आली की मी आधी माणूस पाण्यात उतरवतो. शाफ्टला नायलॉनचा दोर गुंडाळलेला सापडतो, कधी तो उष्णतेनं वितळून गोळा झालेला असतो. कधी बोटीच्या बुडाला शेवाळ आणि शिंपल्यांचा थर असतो, तेवढा खरवडला की वेग परत येतो. कधी मालकानं हौसेनं जास्त पिचचा पंखा बसवलेला असतो, त्याला पटवणं हे इंजिन दुरुस्तीपेक्षा अवघड. आणि एक सोपी गोष्ट: पावसात इंजिनाच्या खोलीवर ताडपत्री घट्ट बांधतात. झाकण उघडल्याबरोबर फेऱ्या वाढल्या तर इंजिनाला हवा मिळत नव्हती, दुसरं काही नाही. ज्वारीच्या कोंड्यानं भरलेला एअर क्लीनर चाचांनी मला दाखवला होता, ही त्याचीच खारी आवृत्ती. फिल्टरमधलं पाणी, टाकीच्या तळाची घाण, आतून सोललेली रबरी नळी हे तर रोजचंच. आमच्या धंद्यात आज सर्रास आधी पंप आणि नोझल खोलतात. मला तो अज्ञानापेक्षा आळस वाटतो, कारण खोलायला हात लागतात आणि बघत बसायला धीर.

गावी गेलो की सुक्या कोळंबीचे सोडे घेऊन टपरीवर जायचो. चाची नाकाला पदर लावून ते शिजवायच्या आणि चाचा चवीनं खायचे. ते मला समुद्राबद्दल विचारायचे, पण लाटा-बिटांबद्दल नाही. "पानी खारा रैता तो इंजन कू कैसा पिलाते?" मी सांगितलं, इंजिनात गोडं पाणी फिरतं, त्याला थंड करायला बाहेरून खारं फिरवतात, दोन्ही एकमेकांना शिवत नाहीत, आणि खाऱ्याच्या बाजूला जस्ताचा तुकडा लावतात म्हणजे गंज आधी त्याला खातो. ते लगेच समजले. आमच्या विहिरींच्या जड पाण्यानं इंजिनाच्या जॅकेटात क्षाराचे थर त्यांनी आयुष्यभर खरवडले होते. "हमारेकू भी ऐसाच होना था," म्हणाले. एकदा मी त्यांना रुडॉल्फ डिझेलची गोष्ट सांगितली, की हे इंजिन शोधणारा माणूस 1913 साली इंग्लंडला जाताना स्टीमरवरून रात्री नाहीसा झाला. चाचा हळहळले. मग विचारलं, "उस जहाज में इंजन कौनसा था?" वाफेचं, म्हणालो. "फिर अपने इंजन की गलती नै," म्हणून बिडी पेटवली.

चाचा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मी त्यांना कधी पगाराचा, फीचा पैसा देऊ शकलो नाही, त्यांनी घेतला नसता. ऑगस्ट 2025 मध्ये लेंडी नदीच्या पुराचं पाणी आमच्या तालुक्यात रावणगाव, हसनाळमध्ये शिरलं, माणसं गेली, लोकांना काढायला लष्कर आलं आणि मुखेड तालुक्यात बोटी फिरल्या. बंदरातले लोक मला फोन दाखवत होते. पाणी ओसरल्यावर मी गाळ्यातली दोन पोरं आणि हत्यारं घेऊन गावाकडं गेलो. नदीकाठच्या मळ्यांत ट्रॅक्टर होते, काही जुनी इंजिनंही, गाळात बुडालेली. बुडालेलं इंजिन कसं वाचवायचं हे बंदरातल्या माणसाला चांगलं ठाऊक असतं, ही एक गोष्ट चाचांनी मला शिकवली नव्हती. बऱ्याच ठिकाणी पाने लागले. पैसे तरी घेतले नाहीत.

म्हणून वाचणाऱ्या शेतकऱ्याला एक विनंती. पुरात गेलेलं इंजिन वाळलेलं दिसलं तरी हँडल किंवा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी ऑइल आणि डिझेल पूर्ण काढा, नोझल खोला, फ्लायव्हील हातानं फिरवून पाणी बाहेर येऊ द्या, एअर क्लीनर धुवा, नवं ऑइल घाला. आणि सुरू झाल्यावर दम धरेना, तर आधी टाकीचं झाकण सैल करून बघा.