खोलीतला घाट

सायकल दुरुस्तीच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली. खामगावात रस्त्याच्या कडेला टिनाच्या टपरीत बसून मी पंक्चर काढले, छर्रे बदलले, वाकडी चाके सरळ केली. सायकल म्हणजे माणसाला इथून तिथे नेणारी वस्तू, एवढेच मला ठाऊक. जागच्या जागी पाय मारायचे यंत्र आपल्या घरात येईल आणि त्यासाठी बचत गटाचे कर्ज काढावे लागेल, असे कोणी सांगितले असते तर मी त्याला हसलो असतो.

माझी थोरली मुलगी बारावीत आहे. शाळेच्या सायकल स्पर्धेत तिचा नंबर आला तेव्हापासून तिला वेड लागले. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही त्याच वर्षी ती पुरी केली. ही हकीगत तिला तोंडपाठ. मी तिला जुन्या सामानातून सात गिअरची एक सायकल जुळवून दिली होती. ती घेऊन पोरगी पहाटे पाचला नांदुऱ्याच्या रस्त्याने निघे.

हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग. पूर्वी त्याला सहा नंबर म्हणत, आता त्रेपन्न म्हणतात. नंबर बदलला तरी ट्रक तेच! त्यात कापसाचा हंगाम आला की भरलेल्या गाड्यांची रांग लागते. मागच्या हिवाळ्यात अंधारात मागून आलेल्या एका गाडीच्या फाळक्याचा धक्का लागला आणि पोरगी रस्त्याखाली फेकली गेली. खांद्याजवळचे हाड मोडले. गाडीवाला थांबला नाही.

सहा आठवडे हात गळ्यात. तिच्या आईने सांगून टाकले, "आता सायकल नाही म्हंजे नाही." मी काय बोलणार? मलाही रात्री झोपेत तो फाळका दिसत होता. पोरगी मात्र भांडली नाही, रडली नाही. भिंतीला टेकलेल्या सायकलीकडे पाहत बसायची. भांडली असती तर बरे वाटले असते.

हात बरा झाल्यावर एके रात्री तिने मोबाइलवर मला एक प्रकार दाखवला. सायकलचे मागचे चाक एका लोखंडी घोडीवर बसवतात. चाकाला एक रूळ टेकतो आणि चुंबकाने तो रूळ जड होतो, म्हणजे पायाला चढाचा जोर लागतो. चाकाला लावलेली छोटी डबी वेग मोजून मोबाइलला कळवते. पडद्यावर रस्ता दिसतो, डोंगर दिसतात, जगभरातले दुसरे सायकलवाले दिसतात. आपण पाय मारू तशी पडद्यावरची आपली सायकल पुढे जाते. हा निव्वळ खेळ नाही हे ती मला पटवून देत होती. डिसेंबर २०२० मध्ये याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुरुषांत जिंकला तो जेसन ऑस्बोर्न हा जर्मनीचा गडी मुळात होडी वल्हवणारा!

तिच्या आईने ऐकून घेतले आणि विचारले, "त्यात ट्रक येत नाही ना?" नाही म्हटल्यावर तिने गटातून पंधरा हजार उचलून दिले.

आता खरी चूक सांगतो, कारण ती माझी आहे. पैसे हातात आले तसा माझ्यातला मिस्त्री जागा झाला. नवे स्वस्त यंत्र कशाला, जुने पण भारी घेऊ! फोनवर एक माणूस भेटला. त्याच्याकडचे यंत्र उंची होते. त्यात मागचे चाक काढून साखळी थेट यंत्रावर चढवायची. पडद्यावर चढ आला की यंत्र आपोआप जड होते. नवे पन्नास हजारांच्या पुढे, हा बावीसला देत होता. वरचे सात मी उसने आणणार होतो. घरात न विचारता तीन हजार आगाऊ पाठवले.

संध्याकाळी पोरीने फोटो पाहिला आणि म्हणाली, "बाबा, याच्यावर कॅसेट बसते. आपल्या सायकलला फ्रीव्हील आहे ना?"

वाचकहो, मी आजवर शेकड्याने फ्रीव्हील उतरवले आहेत. फ्रीव्हील आट्यांनी हबवर फिरवून बसते, त्याचा कटकट वाजणारा भाग त्याच्या पोटातच असतो. कॅसेट म्हणजे नुसते दाते. ते खाचांवर सरकवून बसवतात. आमचे फ्रीव्हील त्या यंत्रावर बसणे शक्यच नव्हते. नवीन कॅसेट, अंतराची कडी, आवळायची चावी हे सगळे आणता आले असते, पण तो खर्च वेगळा. शिवाय लाइट गेली की त्या यंत्राचा जोरही जातो, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात लाइटचा भरवसा नाही. हे सगळे मला कळत होते, पण विचारायचे सुचले नाही. आगाऊ दिलेले तीन हजार परत आले नाहीत.

दोन दिवस मी घरात सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी सांगितले. लेकीची आई म्हणाली, "पोरीले आधी विचारलं असतं तर?" बस, एवढेच. पण गटाचा हप्ता ती दर महिन्याला भरते तेव्हा मी घरात थांबत नाही.

मग आम्ही पोरीला पुढे करून निवड केली. तीन सुट्या रुळांवर सायकल मोकळी ठेवायचा एक प्रकार असतो, तोल चांगला सुधारतो म्हणतात. पण नुकतेच हाड जुळलेल्या पोरीला तो नको. तेलाच्या डबीचा प्रकार आवाज कमी करतो आणि वेग वाढेल तसा जोर वाढवतो, पण दर आवाक्याबाहेर. शेवटी चाकाला टेकणारे साधे चुंबकाचे यंत्र साडेसात हजारांत घेतले. वेग मोजायची डबी अठराशेला. ही डबी मागच्या चाकालाच लावावी लागते, पुढचे फिरतच नाही! जोर कमी-जास्त करायला हँडलवर एक खटका, त्याला वीज नको.

मागचा आस यंत्रात नीट बसवताना अर्धा दिवस गेला. गाठींचा टायर रुळावर पिठाच्या गिरणीसारखा आवाज करी. शेजारच्या काकूंनी दोनदा डोकावून पाहिले. मग जुन्यातला गुळगुळीत टायर चढवला, खाली गोधडी घातली, पुढच्या चाकाखाली लाकडी ठोकळा दिला. हवा रोज सारखी भरायची आणि रूळ रोज सारखाच आवळायचा. नाहीतर काल आणि आजचा मेळ बसत नाही. पंखा समोर हवा. घामाने नट गंजतात, म्हणून हँडलवर फडका.

पडद्यावरच्या रस्त्यांचे महिन्याला सुमारे वीस डॉलर पडतात. एक महिना घेतले. त्यात आल्प्स पर्वतातल्या एका घाटाची हुबेहूब नक्कल आहे, एकवीस वळणांची. मायव्हूश नावाचा प्रकार फुकट आहे, पण तो पायाची ताकद मोजणाऱ्या यंत्रांसाठी. आमचे यंत्र साधे. पडद्यावर चढ आला तरी पायाला कळत नाही. म्हणून धाकटा शेजारी उभा राहून ओरडे, "ताई, चढ आला!" आणि खटका ओढी. खटका हलवला की ताकदीचा हिशेब चुकतो हे नंतर कळले. मग खटका एकाच खाचेवर ठेवला आणि धाकट्याची नोकरी गेली. महिना संपल्यावर यूट्यूबवरचे घाटरस्त्यांचे फुकट व्हिडिओ लावू लागलो.

मे महिन्यात बाहेर रस्ता तापलेला असताना पोरगी पहाटे खोलीत तासभर पाय मारायची. तिची आई तिथेच भाजी निवडत बसायची. सुरुवातीला तिची नजर पोरीच्या खांद्यावर असे. पुढे ती पडद्याकडे पाहू लागली आणि एकदा म्हणाली, "हा रस्ता किती रिकामा आहे!"

जूनच्या पहिल्या पावसानंतर पोरीने भाकरी खाता खाता विचारले, "बाबा, रविवारी बोथ्याच्या घाटात जाऊ? तुम्ही मोटारसायकलवर मागून या."

मी तिच्या आईकडे पाहिले. ती तव्यावरची भाकरी उलटत होती.

"उजाडल्यावर निघा," ती म्हणाली. "तिकडे अस्वलं राह्यतात."