तेवढं एकदा मुलांना सांगा

इंदिरानगर, बेंगळुरू

श्री. राहुल द्रविड यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, 2021 च्या त्या जाहिरातीत तुम्ही गाडीतून बॅट उगारून स्वतःला इंदिरानगरचा गुंडा म्हणवून घेतलंत आणि आमच्या भागाचं नाव देशभर झालं. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना आता पत्ता फोड करून सांगावा लागत नाही. तुम्ही मराठी घरातले, हेही आम्ही कुणी न विचारता सांगून टाकतो. शेजाऱ्यांचा तेवढा हक्क मान्य करावा.

आता तक्रार. आमच्या इमारतीतला एक अकरा वर्षांचा मुलगा क्रिकेटच्या क्लासला जातो. अंगाने किरकोळ, षटकार काही जात नाही. ‘टुकूटुकू खेळतो’ म्हणून त्याची फलंदाजी सगळ्यांच्या शेवटी. पॅड बांधून तो तासभर जाळीबाहेर उभा राहतो आणि नंबर लागतो तेव्हा चेंडू नीट दिसेनासा झालेला असतो. त्याच्या आईने हे मला जिन्यात सांगितलं आणि राग आला तो, खरं सांगते, तुमचा. तुमच्याच गल्लीत असं व्हावं?

कारण 1998 मध्ये तुमच्याबद्दल हेच बोललं जात होतं. कसोटीला ठीक, पण वेग नाही, म्हणून एकदिवसीय संघातून तुम्हाला वगळलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या विश्वचषकात सर्वाधिक धावा तुमच्या, 461, आणि त्याही शंभर चेंडूंमागे 85 च्या गतीने. तुम्ही काही दांडपट्टा फिरवायला लागला नव्हतात. चेंडूची वाट पाहून तो शेवटच्या क्षणी, अंगाजवळ खेळायचा, ही सवय जुनीच. फक्त जो चेंडू पायाशी मरायचा, तो तुम्ही रिकाम्या जागेत ढकलू लागलात आणि धावू लागलात. ज्याला उणीव म्हणत होते, तिच्यातूनच धावा निघाल्या.

कसोटीत तर तुम्ही 31,258 चेंडू खेळलात. इतके आजवर कुणीच नाही. त्यातला प्रत्येक चेंडू टाकायला कुणाचा तरी खांदा झिजला, हे धावफलकावर येत नाही. 2008 मध्ये सिडनीला तुम्ही 18 धावांवर चाळीस चेंडू अडकलात. शेवटी एक धाव निघाली तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि तुम्ही हसून बॅट उंचावलीत. लाज वाटावी अशा जागी इतकं निवांत राहणं कुठल्या क्लासमध्ये शिकवतात?

आणि कोलकाता, 2001. फॉलोऑन मिळालेला, तुमची तिसऱ्या क्रमांकाची जागा लक्ष्मणला दिलेली, तुम्ही सहाव्यावर. दुसरा कुणी रुसून बसला असता. 14 मार्चला तुम्ही दोघांनी दिवसभर एकही गडी पडू दिला नाही. भागीदारी 376 ची. लक्ष्मणचे 281, तुमचे 180. सामना आपण 171 धावांनी जिंकलो. लॉर्ड्सच्या पदार्पणातही तुमच्या 95 शेजारी गांगुलीचे 131 होतेच. दुसऱ्याच्या सावलीत राहून माणूस एक तर कडवट होतो, नाही तर सावलीतली माणसं त्याला दिसू लागतात. 2018 मध्ये तुम्ही प्रशिक्षक असताना 19 वर्षांखालील मुलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा तुम्हाला 50 लाख आणि तुमच्या सहकाऱ्यांना 20 लाख जाहीर झाले. ते तुम्हाला रुचलं नाही. शेवटी सगळ्यांना सारखेच, 25 लाख मिळाले. हे त्या सावलीतच शिकलेलं असणार, असं मला मनापासून वाटतं.

तरी विनंती अशी, की एखाद्या रविवारी इथल्या मुलांना गोळा करावं. कव्हर ड्राइव्ह दाखवू नका, तो त्यांनी मोबाइलवर पाहिलाय. त्यांना 1998 सांगा. संघाबाहेर असताना सरावात नेमकं काय बदललंत आणि काय मुद्दाम तसंच ठेवलंत, ते सांगा. आणि मुलांच्या सरांनाही पुढच्या रांगेत बसवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
इंदिरानगरातली एक शेजारीण