अब्बांच्या कॅसेट

मरहूम अब्बा कुवैतला नोकरीला होते, तेव्हा पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचे. दादीला वाचता येत नव्हतं. गावचं कुणी सुट्टीवर निघालं की त्याच्या सामानात साबण-अत्तराबरोबर आमच्यासाठी एक कॅसेट असायची. अशा सात कॅसेट अम्मीच्या पेटीत राहिल्या होत्या. गेल्या शाबानमध्ये भाच्याने त्या कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या.

पण अम्मीला ऐकू येईना. वय ऐंशीच्या पुढे, कान मंद झालेले. कॉम्प्युटरचे लहान स्पीकर मोठे केले की आवाज चिरका व्हायचा, शब्द काही कळायचे नाहीत. "राहू दे बेटा," एवढंच म्हणून ती तसबीह हातात घ्यायची. ते "राहू दे" माझ्या मनाला लागलं.

हॉलमध्ये होम थिएटरचा रिसिव्हर होता. कॉम्प्युटर त्यालाच जोडायचं ठरवलं. कॉम्प्युटरच्या मागे साउंड कार्डचं हिरवं भोक असतं, ते लाइन आऊट. तिथून एक वायर आणली. एका टोकाला हेडफोनसारखी पिन, दुसऱ्या टोकाला लाल आणि पांढरी अशा दोन पिना. रिसिव्हरचा आवाज अगदी खाली करून त्या 'ऑक्स'मध्ये लावल्या. 'फोनो' लिहिलेल्या जागी त्या लावायच्या नसतात. ती जागा रेकॉर्ड प्लेअरची, तिथे आवाज फाटतो.

अब्बांचा आवाज आला, पण त्याच्याखाली सतत घूं... घूं... शेजारचे चाचा म्हणाले, "कॉम्प्युटरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाक, घूं जाईल." गेलीही असती. पण ती जाड पिन माणसाचा जीव वाचवायला असते. घरात लहान मुलं; मी ऐकलं नाही.

मग एकेक वायर काढून पाहिली. केबल टीव्हीची वायर काढताच घूं थांबली! कॉम्प्युटरला एक अर्थिंग प्लगमधून मिळत होतं, रिसिव्हरला दुसरं केबलच्या वायरीतून. आमच्या नव्या वायरीने ती दोन्ही जोडली गेली आणि त्या फेऱ्यातून विजेची 50 हर्ट्झची गुणगुण स्पीकरमध्ये शिरली.

यावर इलाज होता ऑप्टिकल केबलचा. आमच्या कॉम्प्युटरला ती चौकोनी जागा होती. तिथे लाल उजेड दिसतो. या केबलमध्ये तांबं नसतं. आवाज उजेडाच्या रूपाने जातो, त्यामुळे अर्थिंगचा फेराच तुटतो. केबल लावली, तर सगळं गप्प! कॉम्प्युटरच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आऊटपुट निवडायचं राहिलं होतं. तेही केलं. मग आवाज घुमायला लागला, कारण मुलाने सिनेमासाठी रिसिव्हर 'हॉल'वर ठेवला होता. तो 'प्रो लॉजिक'वर आणला. कॅसेट एकाच माइकवर भरलेली, दोन्ही बाजूंना सारखाच आवाज. त्यामुळे तो सगळा मधल्या स्पीकरमधून येऊ लागला. सिनेमातले संवाद ज्यातून येतात, तोच हा स्पीकर. अम्मीची खुर्ची त्याच्यासमोर सरकवली.

मगरिबनंतर कॅसेट लावली. "अस्सलामु अलैकुम," अब्बा म्हणाले. अम्मीचा हात तसबीहवरच थांबला.

"व अलैकुमुस्सलाम," ती हळूच म्हणाली.

अब्बांनी दादीची तब्येत विचारली, माझ्या शाळेची चौकशी केली. मग म्हणाले, "पाऊस तोंडावर आला. घर शाकारून घेतलंस का?"

आमचं कौलारू घर जाऊन तिथे स्लॅब पडला, त्यालाही वीस वर्षं झाली. अम्मी स्पीकरकडे बघत म्हणाली, "घेतलं हो. तुम्ही काळजी नका करू."

खोलीत कुणी काही बोललं नाही. घूं तर नव्हतीच; होती ती फक्त कॅसेटची बारीक खरखर. भाचा म्हणाला, "मामू, ही खरखरही काढता येते." मी नको म्हटलं. ती अब्बांच्या खोलीतलीच होती.

तुमच्याही घरी पेटीच्या तळाशी अशा कॅसेट असतील, तर त्या लवकर काढा. फीत दरवर्षी थोडी थोडी खराब होत जाते. आणि ज्यांना त्या ऐकवायच्या, त्यांचे कानही.