पाच मात्रा

खडकवासल्याला पाचव्या टर्ममध्ये असताना शिलाँगच्या एका कोर्समेटने एक कॅसेट आणली. डेव्ह ब्रुबेक क्वार्टेटचा १९५९चा अल्बम, 'टाइम आउट'. पियानोवर ब्रुबेक, सॅक्सोफोनवर पॉल डेझमंड, बासवर यूजीन राइट, ड्रम्सवर जो मोरेलो. जॅझमधलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. पण 'टेक फाइव्ह' लागलं की पाय ताल धरायचे आणि लगेच चुकायचे. कवायतीचा हिशोब दोनचा, डावा-उजवा. ही रचना पाच मात्रांची, तीन अधिक दोन. तिच्यावर चालू लागलं की एका आवर्तनाची सम डाव्या पायावर, पुढच्याची उजव्या. ड्रिल उस्तादांनी पाहिलं असतं तर अख्ख्या स्क्वाड्रनला रगडा मिळाला असता.

ब्रुबेक स्वतः फौजी होता, हे फार नंतर वाचलं. १९४४ मध्ये पॅटनच्या थर्ड आर्मीत तो युरोपात होता, आघाडीवर जाण्याच्या बेतात. रेड क्रॉसच्या एका कार्यक्रमात पियानो वाजवायला कोणी आहे का, असं विचारलं गेलं आणि याने हात वर केला. त्याच्या कर्नलने ते ऐकलं आणि ठरवलं, हा पुढे जाणार नाही, हा बँड उभारेल. त्या बँडमध्ये गोरे आणि काळे शिपाई एकत्र वाजवत. पुढे १९६० मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतली कॉलेजं 'काळा बासवादक बदला' म्हणू लागली, तेव्हा ब्रुबेकने कार्यक्रम सोडले, राइटला सोडलं नाही.

हे वाचताना मला माझा एक नायक आठवतो.

तेव्हा मी कंपनी कमांडर होतो, लडाखमध्ये. हा मंदिर परेडला ढोलक वाजवायचा. एका संध्याकाळी बंकरमध्ये मोबाइलवर 'टेक फाइव्ह' लावलं होतं. याने दोन मिनिटं ऐकलं, रिकामा जेरीकॅन पुढे ओढला आणि ठेका धरला. "साहब, ये पाँच का है," म्हणाला. मला जे कळायला अकादमीत महिना लागला होता, ते त्याला दोन मिनिटांत.

पुढच्या आठवड्यात वरच्या चौकीची यादी करायची होती. त्याचा नंबर होता. त्याचं नाव लिहिताना पेन क्षणभर थांबलं, हे खोटं बोलणार नाही. पण त्याला वगळायचं तर कुणाला तरी त्याच्या जागी पाठवायचं. आणि त्याला काय सांगायचं, तुला ढोलक येत नाही म्हणून? मी नाव लिहिलं.

तो परतला तो हिमदंश घेऊन. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो तेव्हा त्याने हात ब्लँकेटखाली घेतला. "ठीक है साहब," एवढंच म्हणाला.

ब्रुबेकच्या जागी कोण पुढे गेलं असेल? त्याचं नाव कोणत्याही अल्बमवर नाही. तरी तो कर्नल चुकला, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी बरोबर होतो, असं म्हणायलाही नाही.

डेझमंड १९७७ मध्ये वारला. 'टेक फाइव्ह' ही त्याचीच रचना. तिची रॉयल्टी तो रेड क्रॉसला देऊन गेला.

आता ती ऐकताना माझं लक्ष पियानोकडे असतं. मोरेलोचा ड्रम सोलो चालू असतो. तो ताल सोडून कुठल्या कुठे जातो, मध्येच गप्प होतो. ब्रुबेक मात्र तेच दोन स्वरगुच्छ वाजवत राहतो, तबल्याच्या सोलोला पेटीवर लेहरा धरावा तसा. बँड त्याचा, पण या रचनेत त्याने स्वतःसाठी एकही सोलो ठेवलेला नाही. गेलेल्याला परत यायला सम जागेवर हवी, एवढंच त्याचं काम.

दरवर्षी आर्मी डेला त्या नायकाला फोन करतो. गेल्या वर्षी मागे ढोलक ऐकू येत होता. "बेटा बजा रहा है, साहब," तो म्हणाला. आणि मग, "अभी कच्चा है."