आग लावली की गार होतो

हा फ्रिज बिघडलाय का, ते कान लावून कळत नाही. धडधाकट असतानाही तो गप्पच असतो. युटामध्ये भाड्याने घेतलेल्या आरव्हीतला आमचा फ्रिज गार होईना, आणि आत बाबांची न उघडलेली इन्सुलिनची पेनं होती. त्यांना २ ते ८ अंश लागतात. आत १९ होते.

१९२२ साली स्टॉकहोममध्ये बाल्ट्झर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी असा फ्रिज शोधून काढला. त्यात कॉम्प्रेसरच नाही. उष्णता दिली की पाण्यातला अमोनिया वाफ होऊन वर जातो, निवून द्रव होतो. पुढे हायड्रोजन असलेल्या नळीत त्याची पुन्हा वाफ होते, आणि तेव्हा तो फ्रिजमधली उष्णता ओढून घेतो. द्रव उताराने वाहतात, म्हणून गाडी सपाट उभी हवी.

आधी पेनं बर्फाच्या खोक्यात ठेवली, पण बर्फाला न टेकवता. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. मग बाहेरची जाळी उघडली. अमोनियाचा वास नाही, पिवळी भुकटी नाही, म्हणजे गळतीची खूण नाही. गाडी सपाट होती. वीज येत होती, तरी तासाभराने बॉयलरपाशी ऊब नव्हती. मग फ्रिज गॅसवर लावला. ज्योत निळी, स्थिर.

सकाळी आत ५ अंश. म्हणजे नळ्या शाबूत, विजेचा हीटर गेलेला.

‘‘आग लावल्यावर गार होतो?’’ बाबांना पटेना.

उरलेले चार दिवस तो गॅसवरच चालला. कॅम्पग्राउंडच्या विजेवर आम्ही फक्त चहा केला.